वर जाताना नशीब, खाली देताना बाजारभाव?

पत्र : मी अमळनेर तालुक्यातली सून, माहेर धरणगावचं. आमच्या आजेसासऱ्यांनी फार पूर्वी तेलाच्या कंपनीचे, म्हणजे आजच्या विप्रोचे, थोडे शेअर घेतले होते. सासऱ्यांनी (त्यांना आम्ही आबा म्हणतो) ते जपले, अडीअडचणीतही विकले नाहीत. आज आमचं घर, मुलाचं शिक्षण, दवाखाना, सगळं त्यावर निघालं. आबा त्याला नशीब म्हणतात. अकरा एकर शेती आहे, ती सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, बघतो. सात वर्षं तोच आहे. त्याची बायको गोठा झाडते, सणावाराला घरातही हात लावते. साल, म्हणजे वर्षाची मजुरी, ९६ हजारांचं. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली तसा तो म्हणाला, यंदा १ लाख २० हजार करा, "पोरनी फी भरनी शे." आबा म्हणाले, गावात चालतो तोच दर. दोन-तीन शेतकरीही येऊन मला ऐकवून गेले, की तुम्ही वाढवलं तर आमचे सालदारही तेवढंच मागतील, तुमच्याकडे शेअर आहेत, आम्ही कुठून द्यायचं? पुण्याला संगणक कंपनीत असलेला मुलगा दिवाळीला आला होता. तो म्हणतो, हा पैसाच लुटीचा आहे, सगळे शेअर विकून टाका. तेव्हापासून आजोबा आणि नातू बोलत नाहीत. मिस्टर मधे पडत नाहीत. मला रात्री झोप नाही. आमचा पैसा पापाचा आहे का? आणि सालदाराला गावच्या दरापेक्षा जास्त द्यावं का?
— एक सून

उत्तर : ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याला तारीख आहे. आखाजीला साल ठरतं. तर सरळ सांगते, १ लाख २० हजार द्या. घासाघीस न करता द्या.

आता हिशेब. ९६ हजारांना ३६५ ने भागलं की दिवसाला २६३ रुपये पडतात. सालदाराला रविवार नसतो. शेतीपंपाची वीज रात्रीची आली की तो रात्री पाणी भरायला जातो, आणि सकाळी पुन्हा वखर, फवारणी, नाहीतर बैलांचं चारापाणी. महाराष्ट्रात २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तुमच्या सालदाराने मागितलेली रक्कम दिवसाला ३२९ रुपये होते. म्हणजे सात वर्षं तुमची शेती एकहाती सांभाळणारा माणूस सरकारी खड्डे खोदण्याच्या मजुरीपेक्षा जेमतेम सतरा रुपये जास्त मागतो आहे. आणि त्यात त्याच्या बायकोचं काम धरलेलंच नाही. सात वर्षं तिने गोठा झाडला त्याचा पैसा कोणत्या वहीत आहे, हे एकदा शोधून बघा.

आबांचं म्हणणं असं, की गावात चालतो तोच दर, आणि सालदारही त्याला राजी असतो. हे म्हणणारे आबा एकटे नाहीत. अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही जवळपास हेच असतं : दोघे आपखुशीने करार करतात, म्हणजे तो न्यायाचा. पण सालदार राजी होतो तो कधी? चैत्र-वैशाखात, जेव्हा रानात काम नसतं, घरात दाणे संपत आलेले असतात आणि गेल्या सालाची उचल फिटलेली नसते. त्या वेळी जे म्हटलं जातं त्याला मी होकार म्हणत नाही. आणि हे माझं एकटीचं मत नाही. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामांवर मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी दिलं जात होतं. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर माणूस काम करतो ते भुकेच्या दाबाने, आणि असा दाब ही सक्तीच आहे. ती घटनेच्या कलम २३ मध्ये बसते, जिथे वेठबिगारीला बंदी आहे. न्यायमूर्ती भगवतींचा तो निकाल आजही कोणी वाचला तर बाजारभाव हा शब्द इतक्या सहज उच्चारणार नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत शेतीचं काम पहिल्यापासून होतं, आणि नव्या वेतन संहितेतूनही ते सुटलेलं नाही. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात शेतमजुरीचा चालू किमान दर विचारून घ्या. गावचा दर त्याच्या खाली असेल, तर गावात चालतो म्हणून तो दर कायदेशीर होत नाही.

हा विचार आपल्याकडे दिल्लीहून आला असंही नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. तिथे शेतीविषयी जो ठराव झाला त्यात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने मिळावी ही मागणी होती. खान्देशच्या मातीत ती मागणी करून नव्वद वर्षं होत आली. आपल्याला फैजपूरचा अभिमान आहे, पण त्या ठरावातलं हे कलम किती जणांना माहीत असतं?

आता पहिला प्रश्न. पैसा पापाचा आहे का.

आबांचा संयम खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. १९४५ साली अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली तेव्हा ती वनस्पती तूप आणि साबण करणारी कंपनी होती. तिचे शेअर घेऊन ते पिढ्यानपिढ्या ठेवणं म्हणजे कित्येक वर्षं कागद सांभाळणं होतं. ज्यांनी लग्नाला, विहिरीला, दवाखान्याला ते विकले त्यांना पुढच्या वाढीतलं काहीच मिळालं नाही. तुमच्या घरच्यांनी कोणाला फसवलं नाही, कोणाची जमीन ओढली नाही. याला लूट म्हणता येत नाही, आणि तुमच्या मुलाने तो शब्द मागे घ्यावा असं मला वाटतं. शेअर विकून टाकण्यानेही काही साधत नाही. ते दुसरा कोणी घेईल, उद्याचा लाभांश त्याला जाईल, आणि तुमच्या गोठ्यातलं काम तसंच फुकट होत राहील. लूट म्हटलं की लुटलेला माणूस दाखवता आला पाहिजे. मुलाला विचारा, कोण? मला तर एकाच कुटुंबाचं नाव घेता येतं, आणि ते तुमच्या शेतावर राहतं.

पण आबा याला आपलं नशीब आणि आपली कमाई म्हणत असतील, तर पुढची गोष्टही त्यांनी ऐकावी. तुपाच्या कंपनीचं एवढं मोठं झाड कसं झालं? १९६६ साली वडील गेल्यावर अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी कारभारात आले, त्यांची हुशारी आणि मेहनत त्यात आहेच. त्याशिवाय, परदेशी कंपन्यांनी इथली मालकी ४० टक्क्यांवर आणावी असा सरकारने आग्रह धरला, आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीला ते मान्य झालं नाही आणि १९७७-७८ च्या सुमाराला ती देश सोडून गेली. मोकळ्या झालेल्या त्या जागेत देशी कंपन्या संगणक बनवायला उतरल्या, त्यांत ही एक. त्यांना अभियंते मिळाले ते लोकांच्या करातून चाललेल्या महाविद्यालयांतून. पुढे सॉफ्टवेअरच्या निर्यातीतल्या नफ्याला सरकारने प्राप्तिकर माफ केला. ती माफी मार्च २०११ पर्यंत चालली. शेअरबाजारात शेअर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत एक रुपयाही कर नव्हता. या काळात तुमच्या घराने जे शेअर विकले असतील, ते या सवलतीत विकले.

यातल्या प्रत्येक पायरीवर सगळ्या देशाचा पैसा आणि सरकारचा निर्णय आहे. तुमच्या सालदाराच्या बापाचाही. काडेपेटीपासून कापडापर्यंत जे काही त्याने विकत घेतलं, त्यावर त्याने कर भरला आहे. आबांनी वाट बघितली. पण ज्या गोष्टीची वाट बघितली ती घडवणारे लाखो लोक होते, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पेटीत कोणताच कागद नव्हता.

म्हणून मला या प्रकरणात एकच गोष्ट खटकते. ती अशी : घरात पैसा आला तेव्हा आबांनी त्याला नशीब म्हटलं, आणि सालदाराला द्यायची वेळ आली तेव्हा बाजारभाव पुढे केला. ज्या घराला बाजाराने त्याच्या कष्टाच्या कितीतरी पट दिलं, त्या घराने गावातल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाला बाजाराचा नियम सांगू नये. तुमच्या पैशाविषयी मला एवढंच म्हणायचं आहे. तो ठेवा, त्याबद्दल स्वतःला शिक्षा करून घेऊ नका. फक्त त्याच्या जोरावर हा युक्तिवाद करू नका.

शेजारचे शेतकरी तुम्हाला बोलून गेले, त्यांचं मात्र मी मनापासून ऐकते, कारण त्यांचं दुखणं खरं आहे. तीन-चार एकर कापूस लावणाऱ्याला सालदाराला २४ हजार जास्त द्यायचे तर ते कुठून आणायचे? २०२५-२६ साठी कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाला. आणि त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, केंद्र सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे बोंडं फुटतात, वेचणी होते, माल घरात येतो, नेमका तेवढा काळ. खेडा खरेदीला येणारा व्यापारी मग हमीभावाच्या खालीच बोलतो. सीसीआयकडे, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाकडे, न्यावा तर कपास किसान ॲपवर नोंदणी हवी, आणि कापसातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ८ टक्क्यांच्या पुढे प्रत्येक टक्क्याला भाव कापला जातो. दिवाळीच्या आसपासचा कापूस, त्यात परतीचा पाऊस. ओलावा कुठून कमी होणार? ज्याला दुकानदाराची उधारी लगेच फेडायची आहे तो थांबू शकत नाही. तो व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो.

शुल्क काढण्यामागचं कारणही खोटं नव्हतं. अमेरिकेने ऑगस्टअखेर भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादलं, कपड्यांच्या निर्यातीला मोठा धक्का बसला, तिरुपूरसारख्या गावातल्या शिलाई कामगारांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. त्यांना मदत हवीच होती. पण ती मदत सरकारी तिजोरीतून करता आली असती, म्हणजे तिचा भार तुमच्यावर, माझ्यावर, शेअर असणाऱ्यांवर, सगळ्यांवर वाटला गेला असता. तसं न करता कापसाचा भाव पाडून ती केली गेली. बिल कोणाच्या नावावर फाडलं? जळगाव-धुळ्याच्या कापूसवाल्याच्या. आर्थिक धोरणात नीती-अनीतीचा प्रश्न मला इथे दिसतो. कोणाला वाचवायचं यावर सहसा मतभेद नसतो. कोणाच्या खिशातून, हे मात्र हळूच ठरवलं जातं.

तर शेजारी वरून दाबला जातो, आणि तो खाली सालदाराला दाबतो. त्यातून जो आकडा तयार होतो त्याला गावात दर म्हणतात. तीन एकरवाल्याने नाइलाजाने ठरवलेला हा दर तुम्ही का पाळायचा? तुमचा नाइलाज नाही. त्यांना हे सांगताना आवाज चढवू नका, पण सांगा. त्यांचे सालदार सगळे तुमच्या दारात येणार नाहीत, तुमचं शेत एकच आहे. ते जास्त मागतील, एवढं खरं. मजुरी वाढते ती अशीच वाढते, एका घरात वाढली की दुसऱ्या घरात मागितली जाते. शेजाऱ्याचा तोटा भरून निघायला हवा तो कापसाच्या भावातून, आणि तिथे तुम्ही त्याच्या बाजूने उभ्या राहू शकता. तुम्ही शिकलेल्या आहात, पुढच्या हंगामात पाच-दहा घरांची ॲपवरची नोंदणी तुम्ही करून द्या. गावात कापूस वाळवायला आणि महिनाभर ठेवायला तुमचं पत्र्याचं शेड मोकळं असेल तर ते द्या. ज्याची उधारी थांबत नाही त्याला महिन्या-दोन महिन्यांसाठी बिनव्याजी हातउसने द्या, म्हणजे तो भाव बघून विकेल. आणि एक गोष्ट कधीच करू नका, वाईट वर्षात अडलेल्या शेजाऱ्याची जमीन शेअरच्या पैशाने विकत घेऊ नका. तुम्ही चांगला भाव देऊन उपकार केल्यासारखं तो बोलेल, तरीही नको.

एक मार्ग तुम्हाला सुचेल म्हणून आधीच सांगते : साल ९६ हजारांचंच ठेवायचं, गावात वाद नको, आणि मुलीची फी गुपचूप आपण भरायची. हे करू नका. फी हे तुमचं दान होईल आणि मजुरी त्याचा हक्क आहे. दान देणाऱ्याचा मूड गेला की बंद होतं. आबा एखाद्या दिवशी रागावले, की त्या मुलीची शाळा त्या रागावर टांगलेली राहील. अझीम प्रेमजींनी मार्च २०१९ पर्यंत विप्रोतल्या मालकीपैकी ६७ टक्क्यांचा आर्थिक लाभ दानासाठी ठेवला. ते फार मोठं काम आहे, मला त्याविषयी आदर आहे. आबा कदाचित त्याचाच दाखला देतील. पण दान हे मजुरी चुकती केल्यानंतर सुरू होतं, तिच्याऐवजी नाही.

कराबद्दलही एक बोलते, तुम्ही विचारलेलं नसलं तरी. आज शेअरवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के कर आहे. तुमच्या मुलासारख्या पगारदाराला पगारावर वरच्या टप्प्यात तीस टक्के कर लागतो. वारसाहक्कावर आपल्याकडे १९५३ पासून कर होता, १९८५ ला तो रद्द झाला. आबांनंतर शेअर नातवाच्या नावावर होतील तेव्हा सरकारला काहीही जाणार नाही. तुमचा सालदार अंगाला लावायचा साबण घेत होता, त्याच्यावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, आता ५ आहे. मला हे उलटं वाटतं. मोठ्या वारशावर, चांगली उंच मर्यादा ठेवून, कर परत यावा असं माझं स्पष्ट मत आहे. महाराष्ट्राला असं काही नवीन नाही. १९७५ साली इथे व्यवसायकर आला तो रोजगार हमीला पैसा मिळावा म्हणून, शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या दुष्काळी मजुराची मजुरी भरावी म्हणून. तुमच्या मुलाच्या पगारातून तो अजूनही कापला जातो. त्याला हे सांगा. समाज बदलायचा त्याचा जो राग आहे, त्याला शेअर विकण्यापेक्षा हे काम जास्त शोभेल, म्हणजे अशा करांसाठी बोलणं, लिहिणं, मत देणं.

आबांशी बोलताना पापाचा विषय काढू नका. ऐंशीच्या पुढच्या माणसाला त्याच्या बापाच्या विश्वासावर शंका घेतलेली सहन होत नाही, आणि ते बरोबरही आहे. मागच्या वर्षीचा लाभांश किती आला ते त्यांनाच विचारा, कागद-पेन त्यांच्याच हातात द्या, आणि २४ हजार हा त्यातला कितवा भाग आहे ते त्यांनाच काढू द्या. मिस्टरांना त्या वेळी घरातच थांबायला सांगा. मधे पडायचं नसेल तर पडू नका म्हणावं, पण बसावं.

साल ठरवताना या वेळी ते कागदावर लिहा आणि एक प्रत सालदाराकडे द्या. महिन्याला किमान दोन दिवस सुट्टी. आजारी पडला तर खाडा धरायचा नाही. रात्री पाणी भरलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काम नाही. उचल वेगळ्या पानावर, व्याज शून्य, आणि उचल बाकी असली तरी तो दुसरीकडे जायला मोकळा आहे असं स्पष्ट लिहा. कारण उचलीपायी माणसाला अडकवून ठेवणं १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी ठरतं. त्याच्या कुटुंबाचं रेशनकार्ड बघून महात्मा फुले जनआरोग्य योजनेची नोंद करून घ्या, त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. बँकेत वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा मिळतो, दोन्ही दोन-दोन लाखांचे. ते हप्ते तुम्ही भरा.

आणि बायकोच्या कामाचा पैसा नवऱ्याच्या सालात मिसळू नका. तिच्याशी तुम्ही स्वतः बोला, गोठ्याचे आणि घरकामाचे तास मोजा, वेगळी महिन्याची रक्कम ठरवा आणि तिच्या खात्यात टाका. खातं नसेल तर आखाजीच्या आधी तिला बँकेत घेऊन जा. जनधन खात्याला शिल्लक ठेवावी लागत नाही.